आदरणीय व्यासपीठ वगैरे वगैरे

प्रिय वर्षा,

काल भाषणकलेचा वर्ग एकदाचा संपला. गुणांचे तक्ते भरायचे बाकी आहेत, ते बाजूला सारून तुला लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू वकील होतेस. मधेच उलटतपासणी सुरू करतेस आणि माझं म्हणणं राहून जातं.

जुलैत मी हा कोर्स घेतेय म्हटल्यावर तू हसली होतीस. 'बोलायला काय शिकवणार? ज्याला येतं त्याला येतं.' तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाही थोडंफार तसंच वाटत होतं. दोन क्रेडिट, ३० तास, आणि निम्मी मुलं वेळापत्रकात बसतंय म्हणून आलेली. भित्र्या मुलांना उभं करायचं, एवढंच काम असेल असं मी धरून चालले होते.

भित्री मुलं होतीच, पण ती लवकर सुटली. दोघादोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावलं, मग चौघांसमोर, मग वर्गासमोर. खरी पंचाईत न घाबरणाऱ्यांची झाली. शाळेपासून स्पर्धा गाजवलेली पोरं ही. पहिल्याच दिवशी एक जण उठला आणि सुरू झाला : 'आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.' अगं, व्यासपीठ कुठलं! मी एकटी खुर्चीत, आणि बाकांवर त्याच्याच डब्यातलं खाणारी चार टाळकी. तरी आवाज दोन पट्ट्या वर, हात आधी छातीशी, मग छताकडे.

मला वक्तृत्व स्पर्धांना जाणाऱ्या आपण दोघी दिसलो. पहिल्या घंटेला कुठला शेर टाकायचा आणि दुसरी घंटा व्हायच्या आत कुठल्या वाक्यावर टाळी घ्यायची, हे एसटीत बसूनच ठरवायचो ना आपण? विषय हुंडाबंदी असो की वृक्षतोड, तुझा शेवट तोच. आणि फिरता करंडक मिळायचा, म्हणून कुणी काही बोललंही नाही.

मी पहिल्या आठवड्यात शेरावर बंदी घातली आणि ती लांबलचक सुरुवातही बंद केली. उठायचं, आणि तुला काय म्हणायचंय ते एका वाक्यात फळ्यावर लिहायचं. फळ्यावर काय आलं असेल? 'व्यसनमुक्ती.' 'स्त्रीशक्ती.' 'आजचा तरुण.' मी विचारायची, आजच्या तरुणाचं काय? तर म्हणे, मॅडम, त्याच्याबद्दल सगळंच. 'विषय' मिळाला की भाषण झालं, हे इतकं हाडात मुरलंय की त्यावर म्हणणं काय हा प्रश्न त्यांना आगाऊपणाचा वाटायचा. कोर्सचा निम्मा वेळ इथेच गेला, आणि मला वाटतं तो सत्कारणी लागला.

मग एक गोष्ट लक्षात आली. १४ एप्रिलला बाबासाहेबांवर भाषण केलेली मुलं वर्गात भरपूर, पण बाबासाहेबांचं भाषण वाचलेलं कुणीच नाही. म्हणून २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मराठीतून वाचायला दिलं. त्यातला विसंगतींच्या जीवनाचा (राजकारणात समता, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता) इशारा तुला माहीतच आहे, तो सगळेच सांगतात. मी मुलांना त्याच्या बराच आधी थांबवलं. घटना करायला फार वेळ लावला असा आक्षेप होता, मसुदा समितीला 'ड्राफ्टिंग'ऐवजी 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे नुसती वाहवत चाललेली समिती, म्हणून हिणवूनही झालं होतं. त्याला उत्तर कसं दिलंय बघ. आधी स्वतःच हिशेब मांडतात : ९ डिसेंबर १९४६ पासून २ वर्षं, ११ महिने, १७ दिवस. मग इतरांचा हिशेब : अमेरिकेला ४ महिने, कॅनडाला २ वर्षं ५ महिने, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं. मग आपली कलमं ३९५, अमेरिकेची ७. वर आपल्याकडे २,४७३ दुरुस्त्यांवर निर्णय करावा लागला, त्या देशांना ती भानगडच नव्हती. आणि श्रेयाची वेळ आली तेव्हा घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांची नावं घेऊन त्यांनी काय काम केलं ते सांगतात. आपला तो छातीवर हात ठेवणारा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, 'मॅडम, यात ओरडायला जागाच नाही.' त्या दिवशी मी खुशीत घरी आले.

आता मुख्य गोष्ट. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. घरी गाई, पहाटे धारा काढून कॉलेजला येणारी. 'माझं भाषण बसत न्हाई,' असं म्हणून दोनदा टाळलं तिने. तिसऱ्या वेळी डेअरीच्या पावत्यांची चळतच घेऊन आली आणि फळ्यावर लिहिलं : 'दुधाचा भाव सरकार सांगतं, पण आमच्या हातात पडतो तो मशीन ठरवतं.' मशीन म्हणजे डेअरीतलं दुधाचं फॅट मोजणारं. वर्गात एकदम शांतता, कारण निम्म्या घरांतून दूध जातं.

तिने काय केलं, तर एकाच गाईच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन पावत्या वाचल्या. सकाळी दूध जास्त, फॅट कमी. संध्याकाळी दूध कमी, फॅट जास्त. जाहीर भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) असतो, त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे कपात, हे बोटाने दाखवत सांगितलं. मग म्हणाली, साय वर येते. कॅन न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागतं, खालून घेतला तर कमी. 'मग ढवळतं कोण, आनि ढवळलं का न्हाई ते बघतं कोण?' हात कुठेही हलले नाहीत, पावत्या धरलेल्या होत्या ना. एवढं बोलून ती बसायला निघाली, तर दुसरा एक जण उभा राहिला. त्याचे चुलते संकलन केंद्र चालवतात. लाईट गेली की मशीन बंद, टँकर थांबत नाही, मागे रांग, अशी त्याची बाजू. दोघांची जुंपली. पण आवाज चढला नाही आणि एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसरा बोलला नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. तुझ्या त्या 'ज्याला येतं त्याला येतं'ला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

आणि या मुलीला तोंडी परीक्षेत एका सहपरीक्षकांनी 'उच्चार' या रकान्यात दहापैकी तीन दिले. कारण ण चा न होतो. मी भांडले. ते म्हणाले, निकष छापील आहेत. छापील होते हे खरं. तिचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत कळलं, हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते मात्र त्यांना सांगता येईना. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात तो रकानाच नसेल, तसा अर्ज मी दिला आहे. मसुदा तुला पाठवते, कायद्याच्या भाषेत जरा कडक करून दे.

समारोपाचं काय सांगू! पाहुणे तासभर उशिरा आले आणि 'वेळेअभावी दोनच शब्द' म्हणून पाऊण तास बोलले. 'आज या ठिकाणी', 'त्या ठिकाणी', 'निश्चितच या ठिकाणी'. अडखळताना आपण कोणता शब्द भरतो ते मोजायला मीच मुलांना शिकवलं होतं. मागच्या रांगेत वह्यांवर पाच-पाच रेघांचे गठ्ठे पडत होते. मी डोळे वटारले, पण मलाच हसू आवरेना. आभाराला आमचा तोच पहिल्या दिवशीचा 'आदरणीय व्यासपीठ'वाला होता. त्याने एकही विशेषण न लावता माईकवाल्याचे, खुर्च्या मांडणाऱ्या शिपाईमामांचे आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलांचे नावानिशी आभार मानले आणि खाली बसला. पाहुण्यांना वाटलं, भाषण विसरला. त्यांनी पाठ थोपटून धीर दिला त्याला!

आता तुझ्याकडे काम आहे. पुढच्या सत्रात मला प्रश्न विचारायला शिकवायचंय. मुलं भाषण करायला लागली, पण समोरच्याला नेमका प्रश्न टाकणं अजून जमत नाही. एक तर 'आपलं मत काय' असं काहीतरी पांचट विचारतात, नाहीतर स्वतःच भाषण ठोकतात. तू कोर्टात रोज तेच करतेस. डिसेंबरात खंडपीठाला सुट्टी लागली की दोन दिवस ये. मानधन जेमतेम गाडीखर्चाइतकं मिळेल, राहायला आमचं घर आहेच, आणि आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आत्ताच कबूल केली आहे. येताना ते तुझं हुंडाबंदीचं भाषण आठवून ये, मुलांना ऐकवायचंय. शेरासकट.

तारीख कळव, म्हणजे मला हॉल मागता येईल.

तुझीच,
माधवी