ज्याच्याकडून घेतले, त्याच्याकडूनच विकायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेअर ज्या ब्रोकरमार्फत घेतले, त्याच्यामार्फतच ते विकावे लागतात, अशी समजूत आजही असंख्य ज्येष्ठ गुंतवणूकदारांची आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीच्या लोकांची कागदपत्रे मी पाहून देतो आणि हा गैरसमज वारंवार समोर येतो. तो दूर करणे ज्यांच्या हातात आहे, ते बोलत नाहीत. म्हणून हे पत्र आपल्या स्तंभात छापावे, ही विनंती.

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षकांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गावातल्या एका सब-ब्रोकरमार्फत घेतलेले शेअर विकायचे ठरले. मुलाने मोबाइलवर दुसऱ्या ब्रोकरकडे खाते उघडून दिले होते, तिथे दलाली नाममात्र. जुन्या कार्यालयात विचारायला गेले तर उत्तर मिळाले, ‘गुरुजी, शेअर आमच्याकडचे आहेत, आमच्याकडूनच विकावे लागतील.’ दलाली अर्धा टक्का. सहा लाखांच्या विक्रीवर तीन हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. गुरुजी मान हलवून परत आले. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारायला शिकवलेल्या माणसाला तिथे एक साधा प्रश्न सुचू नये, याचे मला फार वाईट वाटले. पण दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

ब्रोकर हा खरेदी-विक्रीतला मध्यस्थ. शेअर त्याच्या कपाटात नसतात. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे, तुमच्या नावाच्या डिमॅट खात्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपात असतात. ब्रोकर बहुधा त्या डिपॉझिटरीचा डीपी, म्हणजे तिच्या वतीने डिमॅट खाते सांभाळणारा प्रतिनिधी, म्हणूनही काम करतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात. पण डीपी बदलता येतो, ब्रोकरही बदलता येतो. डिमॅट एकीकडे आणि खरेदी-विक्रीचे (ट्रेडिंग) खाते दुसरीकडे असेही चालते. मात्र जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरचा व्यवहार दुसऱ्याच दिवशी पुरा होतो. तेवढ्या वेळात शेअर देण्याची सही केलेली स्लिप डीपीकडे पोचून शेअर दिले गेले नाहीत, तर ते लिलावातून विकत घेऊन समोरच्याला दिले जातात आणि त्याचा भुर्दंड विकणाऱ्याला बसतो. त्यामुळे माझा सल्ला असा की आधी शेअर नव्या डिमॅट खात्यात आणावेत, ते तिथे दिसू लागले की मगच विकावेत.

आपल्याच एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात शेअर नेणे ही विक्री नव्हे. त्यावर भांडवली नफा कर नाही, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) नाही. मोबदला नसल्याने मुद्रांक शुल्कही नाही. जुने खाते बंद करून सगळे शेअर हलवायचे असतील आणि दोन्ही खात्यांतली नावे व त्यांचा क्रम तंतोतंत सारखा असेल, तर डीपीला त्यासाठी शुल्क घेता येत नाही. हा नियम २००६ पासून आहे, तरी कार्यालयात विचारल्याशिवाय तो कोणी सांगत नाही. जुनी वार्षिक फी थकली असेल तर ती भरावी लागते, आणि मार्जिनसाठी, म्हणजे व्यवहाराची अनामत म्हणून, तारण ठेवलेले शेअर आधी सोडवून घ्यावे लागतात, एवढेच. पती-पत्नीच्या संयुक्त खात्याची गोष्ट जरा किचकट आहे. अनेक ऑनलाइन ब्रोकरांकडे संयुक्त खाते मोबाइलवर उघडत नाही, कागदी अर्ज करावा लागतो.

खरी अडचण येते ती शेअर हलवायला भराव्या लागणाऱ्या त्या स्लिपपाशी. डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन स्लिप, जिला सगळे ‘डीआयएस’ म्हणतात, ती मी पाहिली तेवढ्या ठिकाणी इंग्रजीतच होती. वर आपला खाते क्रमांक, खाली नव्या खात्याचा सोळा अक्षरांचा क्रमांक. सीडीएसएलचा असेल तर सगळे आकडे, एनएसडीएलचा असेल तर सुरुवातीला ‘आयएन’. जुने खाते एका डिपॉझिटरीत आणि नवे दुसऱ्या डिपॉझिटरीत असेल तर चौकट वेगळी. मग प्रत्येक कंपनीचा बारा अक्षरांचा आयएसआयएन हा ओळख क्रमांक, शेअरची संख्या आकड्यांत आणि अक्षरांत, व्यवहाराची तारीख, हस्तांतराचे कारण, आणि शेवटी सर्व खातेदारांच्या सह्या, त्याही खाते उघडताना केल्या तशाच. गुरुजींची सही आता थरथरते. एका आकड्यावर गिरवले म्हणून त्यांची पहिली स्लिप परत आली. दुसरी बरोबर भरली, तर संमतीचा ओटीपी अशा मोबाइल क्रमांकावर गेला जो त्यांनी कधीच बंद केला होता. क्रमांक बदलण्याचा अर्ज पुन्हा त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर!

ओटीपी नको, असे मी म्हणणार नाही. तो आवश्यकच आहे. २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर तारण ठेवून स्वतःसाठी पैसा उभारल्याचे उघड झाले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबरमध्ये आदेश काढला आणि पुढच्याच महिन्यात ८० हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत करावे लागले. ग्राहकांनी विश्वासाने दिलेल्या मुखत्यारपत्राचा तो गैरवापर होता. त्यानंतर नियम कडक झाले आणि नोव्हेंबर २०२२ पासून मुखत्यारपत्राच्या जागी मर्यादित अधिकाराचे डीडीपीआय हे संमतीपत्र आले. हे चांगलेच झाले. पण ज्या नियमाने गुंतवणूकदाराचे रक्षण करायचे, त्याचाच अडसर दाखवून जुने कार्यालय त्याला अडकवून ठेवत असेल, तर तेही सेबीने पाहायला हवे.

आणखी एक गोष्ट लोकांना घाबरवते. शेअर नव्या ॲपवर आले की खरेदी किंमत कोरी किंवा शून्य दिसते. आता सगळ्याच रकमेवर कर बसणार, असे वाटून एका भगिनींनी हलवलेले शेअर पुन्हा जुन्या खात्यात नेण्याची तयारी केली होती. तसे काही नसते. खरेदीची मूळ तारीख आणि मूळ किंमतच धरली जाते. वर्षाहून जुने शेअर दीर्घकालीनच राहतात, त्यावरील वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के आहे. फेब्रुवारी २०१८ पूर्वीच्या शेअरना ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचाही आधार मिळतो, म्हणजे तोवरच्या वाढीवर कर बसत नाही. फक्त जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावत्या) आणि बोनस-विभाजनाचे कागद जपून ठेवावेत आणि जुने खाते बंद करण्यापूर्वी व्यवहारांचा पूर्ण उतारा उतरवून घ्यावा. खाते बंद झाल्यावर तो मागायला गेलेल्या माणसाची काय दाद लागते, ते मी पाहिले आहे.

सेबी, दोन्ही डिपॉझिटरी आणि दोन्ही मोठे शेअर बाजार मुंबईत आहेत. महाराष्ट्राच्या राजधानीतून चालणाऱ्या या यंत्रणेने ही स्लिप मराठीतही उपलब्ध करून द्यावी, ही मागणी मोठी नाही. पॅनवरच्या सगळ्या डिमॅट खात्यांचा आणि म्युच्युअल फंडांचा जो एकत्रित उतारा डिपॉझिटरीकडून येतो, त्यावर ‘हे शेअर आपण कोणत्याही नोंदणीकृत ब्रोकरमार्फत विकू शकता’ हे एक वाक्य ठळक छापावे. शेअर एका डीपीकडून दुसऱ्याकडे जाताना खरेदीची तारीख आणि किंमतही सोबत गेली पाहिजे. नोंद संगणकातच आहे, हे करण्यात अशक्य काय आहे?

कोणी अडवणूक करत असेल तर आधी ब्रोकरच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. ती नोंदवायला पैसे पडत नाहीत. गुरुजींचे काम लेखी पत्र दिल्यावर झाले.

आपल्या अर्थविषयक पुरवणीत कधी तरी ही स्लिप भरून दाखवणारा नमुना, प्रत्येक रकाना मराठीत समजावून, पूर्ण पानावर छापावा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर तो लावण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली