घोकून इंग्रजी वाक्प्रचार कळत नाहीत

महोदय,

मुंबईतल्या स्पर्धा परीक्षांच्या बहुतेक क्लासमध्ये इंग्रजी वाक्प्रचारांची यादी अर्थासकट घोकून घेतली जाते. नेमका घोळ तिथेच होतो. 'पुलिंग युअर लेग' म्हणजे थट्टा करणे. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला खाली खेचणे. साहेब गमतीने बोलले आणि कारकून दुखावला, असे त्यातून होते. 'द बॉल इज इन युअर कोर्ट' म्हणजे आता पुढचे पाऊल तुम्ही उचलायचे; त्यातले कोर्ट टेनिसचे, फोर्टातल्या हायकोर्टाशी त्याचा संबंध नाही.

'रीड द रायट अ‍ॅक्ट' तर मुळाशी गेल्याशिवाय उमगतच नाही. हा ब्रिटिश कायदा 1715 मध्ये लागू झाला. बारा किंवा अधिक लोकांचा दंगेखोर जमाव जमला की मॅजिस्ट्रेटने ठरावीक मजकूर मोठ्याने वाचायचा. तासाभरात न पांगणाऱ्यांना थेट देहदंडाची तरतूद होती. आज अर्थ उरलाय तो सज्जड दम देण्याचा.

कोशात शोधताना आधी वाक्प्रचारातले मुख्य नाम पाहावे, बहुधा नोंद तिथेच सापडते. सोबतची 'अनौपचारिक' ही खूण मात्र कुणी वाचत नाही! 'किक द बकेट' म्हणजे मरणे हे खरे, पण शोकसंदेशात ते लिहिणे म्हणजे 'साहेब खपले' म्हणण्यासारखे. शिवाय त्याचा कर्मणी प्रयोग केला की खरीखुरी बादलीच लाथाडली जाते.

बातमी कुठल्या देशातली, हेही बघावे. ठराव 'टेबल' केला म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेतला, अमेरिकेत बाजूला ठेवला.

– एक भाषांतरकार, दादर, मुंबई