"ताई, हा गारठलाय"

प्रिय काका,

काल माझी व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाली. बाहेरून आलेल्या सरांनी तिसराच प्रश्न टाकला, "उंदीर झोपलेले असताना त्यांचं तापमान कसं सांभाळलंत?" मला हसूच आलं. उत्तर तुमचं होतं, बोलले फक्त मी.

शंखपुष्पीच्या फुलांचा अर्क पाजायचा, मग पेंटोबार्बिटल हे झोपेचं औषध टोचायचं. उंदीर झोपला की त्याला पाठीवर ठेवायचं आणि तो आपणहून पायांवर येईपर्यंत घड्याळाकडे बघत बसायचं, अर्काने झोप लांबते का ते कळायला. तुम्ही हे माझ्याआधी कितीजणांचं पाहिलंय! त्यात माझी सुरुवातच वाईट. दुकानदाराने निळ्या फुलांची विष्णुक्रांता शंखपुष्पी म्हणून गळ्यात मारली. (दक्षिणेत याच नावाने गोकर्ण खपते म्हणे, तेव्हा त्याला तरी किती बोलायचं.) खरी, पांढरट-गुलाबी फुलांची मिळेपर्यंत दोन महिने गेले.

आणि मग पहिल्या बॅचला अर्कवाले उंदीर अर्क न दिलेल्यांच्या दुपटीहून जास्त वेळ झोपले. सीनियर म्हणाले, "भारी! पेपर पक्का." गाइडनी आकडे बघितले, पिंजरे नाही.

तुम्ही फरशी पुसायला आला होतात. पोछा ठेवलात, हात धुतलेत आणि एका उंदराच्या पोटाला बोटाची मागची बाजू लावलीत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. "ताई, हा गारठलाय."

अर्कवाली रांग नेमकी एसीच्या झोताखाली होती. २५ ग्रॅमचा जीव, त्यात निपचित पडलेला. अंगातली ऊब किती टिकणार? अंग थंड पडलं की यकृत औषध सावकाश मोडतं आणि झोप लांबते. एसीचं श्रेय मी फुलाला देत होते.

पुढच्या बॅचला तुम्ही बल्ब टांगलात, खाली कापूस अंथरलात आणि ड्यूटी संपल्यावरही थांबलात. फरक निम्म्याहून कमी झाला. पण उरला, आणि तो फुलाचा होता.

काका, थर्मामीटर त्या खोलीच्या कपाटातच होता. आम्ही सगळे शिकलेले, पण हात लावून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. तुम्ही मात्र रोज खाणं घालतानासुद्धा त्यांच्याशी काहीबाही बोलता. मी ऐकलंय.

प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव गाइडच्या लगेच खाली आहे. "अटेंडंटचं नाव शेवटी टाक," असं मला सुचवण्यात आलं होतं. मी पान बदललं नाही. शनिवारी बाइंडिंग केलेली प्रत घेऊन येते. चहा तुमच्याकडचा, आलं जास्त घातलेला.

तुमची,
दुसऱ्या टेबलावरची ताई