बोलणारे किती, मान कोणाला?

महोदय,

भाषेचे बळ बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरते, असा सूर चर्चांमधून वारंवार निघतो. जावानीज आणि पश्तो या भाषा शेजारी ठेवल्या की तो टिकत नाही. जावानीज ही इंडोनेशियात सर्वाधिक लोकांची मातृभाषा, तरीही १९४५च्या राज्यघटनेने राज्यभाषेचा मान दिला तो मलयवर आधारलेल्या इंडोनेशियन भाषेला. पश्तोला अफगाणिस्तानात १९३६मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, पण गंमत अशी की तिचे अधिक भाषक सीमेपलीकडे, उर्दू राष्ट्रभाषा असलेल्या पाकिस्तानात राहतात.

दोघींचे कूळही वेगळे. इराणी शाखेतली पश्तो मराठीची दूरची नातलग असून, भूतकाळात तिचे सकर्मक क्रियापद आपल्या 'त्याने भाकरी खाल्ली'प्रमाणे कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या जावानीजमध्ये मात्र मानाप्रमाणे शब्दच बदलतात. मित्राशी बोलताना स्वतःचे घर 'ओमाह', तर वडीलधाऱ्यांचे 'दालेम'. तिथली तरुण मंडळी इंडोनेशियनकडे वळतात त्यामागे, माझ्या मते, शाळा आणि नोकरीइतकाच हाही धाक आहे, कारण इंडोनेशियनमध्ये बोलताना मानपानाची एवढी जोखीम नसते.

– एक वाचक, पुणे