आमच्या हिशेबाच्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सगळ्यांत जास्त बिलं फाडणारा सेल्समनच मालाचं वितरण करणारी एजन्सी बुडवू शकतो, हे तुम्ही दोन दुपारी बसून कागदावर दाखवलंत. किराणा लाइनमधल्या इतरांच्याही कामी यावं म्हणून हे जाहीर पत्र.

महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांतली बिलं आणि पुढच्या दहा दिवसांत परत आलेला माल शेजारी मांडला, की टार्गेटसाठी कुठे माल कोंबलाय ते उघडं पडतं. वसुलीतली चलाखी त्याहून बारीक. तुम्ही पावती पुस्तक खिडकीपाशी धरलंत: सगळ्या स्थळप्रती कार्बनच्या, पुसट जांभळ्या, मधल्या तीन मात्र थेट बॉलपेनच्या. म्हणजे दुकानदाराच्या हातात एक आकडा, आपल्याकडे दुसरा. मग याची टोपी त्याला घालत खाती भरायची. म्हणूनच पावतीची तारीख आणि भरण्याची तारीख यांत आठ-दहा दिवस पडतात.

तुमचा पहिला नियम, आधी तोंड उघडायचं नाही. ६० दिवसांवरच्या येणेबाकीतली रोखीने देणारी १५ दुकानं काढायची आणि त्या बीटवर, म्हणजे सेल्समनच्या ठरलेल्या फेरीवर, दुसरा माणूस पाठवायचा. ‘त्याने पैसे घेतले का?’ असं विचारलं की बाजारभर बोभाटा. त्याऐवजी ‘तुमच्या वहीत आम्हाला किती देणं निघतं?’ एवढंच विचारून त्या आकड्यावर सही-शिक्का घ्यायचा.

सेल्समनला कामावरून कमी करायच्या दिवशी त्याच्याकडच्या कोऱ्या पावत्या क्रमांकाने मोजून घ्यायच्या, आणि एजन्सीचं सिमकार्डही. ते आम्ही विसरलोच असतो. सगळी दुकानं ऑर्डर त्याच नंबरवर देतात! त्याच संध्याकाळी दुकानदारांना निरोप: यापुढे पैसे फक्त क्यूआर किंवा चेकने. पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. अफरातफरीची रक्कम त्यातून परस्पर कापायची नाही, तिची मागणी वेगळी आणि लेखी. परतीच्या मालाच्या क्रेडिट नोटांवर (बिलाची रक्कम कमी केल्याच्या कागदांवर) जीएसटी कमी करून घ्यायचा, तर विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरची मुदत गाठायची.

नुसत्या कच्च्या माणसाला हा खाक्या लावायचा नाही, हेही बजावलंत. त्याला आठवडाभर जुन्या सेल्समनबरोबर फिरवायचं, मग ठरवायचं.

विक्री, वसुली आणि परतीचा माल, तिन्ही एकाच हाती देणं ही मालकांचीच चूक. आता परतीचा माल गोडाऊनवाला मोजतो आणि इन्सेंटिव्ह बिलावर नाही, ४५ दिवसांत जमा झालेल्या रकमेवर मिळतो.

पुस्तक क्रमांक ९ मधल्या दोन कोऱ्या पावत्या अजून सापडलेल्या नाहीत. त्यांचे क्रमांक दुकानदारांना कळवलेत. शनिवारी चहाला याल, तेव्हा पावती पुस्तकांचं रजिस्टर काढून ठेवतो.

आपले,
एजन्सीतले सगळे