तळमजल्यावरच्या खोलीची किल्ली

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पुनर्वसन इमारतीतलं समाजकल्याण केंद्र जानेवारी ते मार्च मुलांना अभ्यासासाठी उघडून देण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

दहावीच्या मुलीचा अभ्यास होत नाही, हे गाऱ्हाणं शिक्षणमंत्र्यांकडे न्यायचं सोडून ही बाई आपल्याकडे का आली, असं तुमच्या कार्यालयात कुणीतरी म्हणेलच. शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही. बाई मन लावून शिकवतात, पोर्शन डिसेंबरातच संपला. सगळं अडतं ते मुलगी घरी आल्यावर. आणि घर तुमच्या खात्याच्या योजनेतलं आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

आम्ही पूर्व उपनगरात एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या, सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. झोपडी गेली, पक्कं घर मिळालं, दाराशी पाणी आलं, याचं मोल मला कळतं. पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून बसलेली बाई आहे मी. घर 269 चौरस फुटांचं. योजना सुरू झाली तेव्हा 225 फूट मिळायचे, मग 269 झाले, आता नव्या इमारतींना 300 मिळतात. आमचा नंबर मधल्या आकड्यात लागला. राहणारे सहाजण : सासूबाई, आम्ही नवराबायको, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि माझे दीर.

या घरातले आवाज तुम्हाला सांगायला हवेत, कारण कागदावर फक्त चौरस फूट दिसतात.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. दिवसभर त्यांना सोबत टीव्हीची, त्यामुळे संध्याकाळी सातपासून मालिका मोठ्या आवाजात. दीर रात्रपाळीला सिक्युरिटीत आहेत. सकाळी आठला येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. सुट्टीच्या दिवशी मुलीला सकाळी मोठ्याने वाचायचं असतं (ती घोकल्याशिवाय पाठ करू शकत नाही, आपणही तसेच शिकलो), तर काकांची झोपमोड होते. म्हणजे सकाळी तिचा आवाज घरच्यांना नको आणि संध्याकाळी घरच्यांचा तिला. धाकटा पाढे म्हणतो, नाहीतर चेंडू भिंतीवर मारतो. समोरच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील इतकी ती जवळ. उजेड-वाऱ्याबद्दल अशा इमारतींविषयी निदान बोललं तरी जातं, आवाजाबद्दल कुणी बोललेलं माझ्या कानावर आलेलं नाही.

आणि घरातला सगळ्यात मोठा आवाज माझा. मी शिवणकाम करते. फॉल-पिको, अस्तराची ब्लाउज, ड्रेस. फेब्रुवारी म्हणजे ऐन लग्नसराई, ब्लाउजची कामं तेव्हाच येतात. जूनची फी, सासूबाईंच्या गोळ्या सगळं त्या दिवसांतल्या कमाईवर. बोर्डाची परीक्षाही नेमकी तेव्हाच. मी मोटर काढून पायमशीन चालवून पाहिलं, मशीनखाली गोधडीची घडी घालून पाहिली. आवाज थोडा मंद झाला, पण लादीतून येणारी थरथर काही थांबली नाही. मुलगी भिंतीला टेकून बसली की ती थरथर तिच्या पाठीत जाते. एकदा तिने भूमितीची आकृती काढायला घेतली आणि मी नेमकी बाहीची शिवण मारत होते. पेन्सिल हलली. ती मला काही बोलली नाही. रबर घेतलं, खोडलं, माझी शिवण संपेपर्यंत थांबली आणि पुन्हा काढली.

मंत्रिमहोदय, यातला कुठला आवाज बंद करायचा ते तुम्ही सांगा. लाउडस्पीकरची गोष्ट वेगळी. त्याला 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहाची वेळ आहे, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. त्या नियमांचं आमच्या गल्लीत काय होतं ते लिहायला घेतलं तर दुसरं पत्र होईल. घरातल्या आवाजांना नियम नाही आणि नसावाही. म्हातारीने टीव्ही पाहू नये, की दिराने झोपू नये, की मी शिवू नये?

प्रिलिमचे पेपर मिळाले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दहावीचा गणिताचा किंवा विज्ञानाचा एक भाग म्हणजे 40 मार्क आणि दोन तास. भाषेच्या 80 मार्कांच्या पेपराला तीन तास. माझी मुलगी या घरात सलग दोन तास कधी बसलेलीच नाही. वीस मिनिटं, मग उठा, जेवणाची पानं घ्यायची आहेत. अर्धा तास, मग सरका, गादी घालायची आहे. तिला येत होतं ते प्रमेय पेपरात अर्धंच राहिलं. घरी येऊन म्हणाली, "आई, वर्गात इतकं शांत होतं ना, की मला सुचेचना."

हे ऐकल्यापासून मी जागा शोधतेय.

पहिली जागा तिने स्वतःच शोधली होती. सातव्या मजल्यावरून गच्चीकडे जाणारा जिना. गच्चीला कुलूप असतं, त्यामुळे त्या शेवटच्या आठ-दहा पायऱ्यांवरून कुणाची ये-जा नाही. एक ट्यूबलाइट आहे. वर लिफ्टची मोटर आहे, ती दर दोन मिनिटांनी खट् करून घुमायला लागते, पण ती म्हणते त्या आवाजाची सवय होते, त्यात माणसाचं बोलणं नसतं. चटई, पाण्याची बाटली आणि अपेक्षित प्रश्नसंच घेऊन ती महिनाभर तिथे बसली. मग बोलणं सुरू झालं. तरुण मुलगी रात्री जिन्यात एकटी काय करते? सातव्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला काळजीने सांगितलं, दुसऱ्या एकींनी काळजी न करता सांगितलं. आता ती जिन्यात बसते तेव्हा मी शेजारी बसते. म्हणजे मशीन बंद.

मी मूळची वरळीच्या बीडीडी चाळीतली. 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं. आमच्याकडची मुलं अभ्यासाला कुठे जायची हे साऱ्या मुंबईला माहीत आहे. सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक त्या नावाने ओळखतच नाहीत, ती अभ्यास गल्ली. रस्त्याच्या दिव्याखाली बसून तिथे पोरं दहावी-बारावी झाली, पुढे सरकारी परीक्षाही पास झाली. पालिकेने नंतर तिथे बाक आणि दिव्यांची सोय केली, त्याचं कौतुक पेपरात छापून आलं. माझा भाऊ तिथे रात्री एकपर्यंत बसायचा. मी मात्र दिवेलागणीनंतर कधीच नाही. आईची परवानगी नव्हती, आणि तेव्हा राग आला तरी आज मुलीची आई म्हणून मला आईचं चुकलं असं म्हणवत नाही. मी पॅसेजमध्ये दारातल्या चपला बाजूला सारून बसायचे. दहावीला 58 टक्के पडले. अभ्यास गल्लीचं कौतुक वाचताना मला फक्त त्या चपला आठवतात.

बीडीडीचा पुनर्विकास आता सुरू आहे, 160 फुटांच्या बदल्यात 500 फूट मिळतात. 2025च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या. भावाचा नंबर अजून यायचाय. त्याच्या मुलाला निदान दार लावून घेता येईल अशी खोली मिळेल, याचा आनंद आहे.

बाकीचे मार्गही पाहून झाले. स्टेशनजवळ खाजगी अभ्यासिका आहे, लाकडी कप्पे, एसी, दारावर "मोबाइल सायलेंट ठेवा" अशी पाटी. महिन्याला 1200 रुपये. तिथे सगळी स्पर्धा परीक्षेची मोठी मुलं, आणि घरून चालत पंचवीस मिनिटं. पालिकेची शाळा इमारतीसमोरच आहे, संध्याकाळी सहानंतर तिचे सगळे वर्ग रिकामे आणि गेट बंद. पण ते तुमचं खातं नाही.

तुमच्या खात्याचं जे आहे ते आमच्याच तळमजल्यावर आहे. पुनर्वसन योजनेच्या नियमात ठरावीक कुटुंबांमागे बालवाडी आणि समाजकल्याण केंद्र बांधून द्यायचं असतं. आमच्याकडेही ते बांधलं. दारावर निळी पाटी आहे, रंग उडालाय पण अक्षरं वाचता येतात. खोली आमच्या घरापेक्षा जरा लहान. दोन खिडक्या, तीन पंखे, त्यातले दोन चालतात. गेल्या भाद्रपदात ती उघडी होती तेव्हा मी आत जाऊन पाहिलं. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, एकात एक घातलेल्या साठेक प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंज्या, कुणाचं तरी जुनं कपाट, आणि भिंतीला लावून, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकने नीट गुंडाळलेले चार मोठे स्पीकर. मला हसूच आलं. ज्यांचा आवाज सगळ्या इमारतीला ऐकवायचा ते वर्षातले साडेअकरा महिने इमारतीतल्या सगळ्यात शांत खोलीत बसून असतात.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, किल्ली अध्यक्षांकडे." अध्यक्ष म्हणाले, "द्यायला हरकत नाही, पण लाइट बिल कोण भरणार? आणि उद्या पोरापोरींचं काही झालं तर जबाबदारी कुणाची? वरून काही लेखी आणा." माणसं वाईट नाहीत. लिफ्ट बंद पडली तर हेच लोक रात्री मेकॅनिकला फोन लावत बसतात. त्यांचे प्रश्नही खरे आहेत. फक्त त्यांची उत्तरं त्यांच्या हातात नाहीत, तुमच्या आहेत. म्हणून "वरून काही लेखी" मागायला मी वर लिहितेय.

बिलाचं म्हणाल तर एक ट्यूबलाइट आणि दोन पंखे, रोजचे चार तास. बिल्डरने पुनर्वसनाच्या दर घरामागे देखभालीसाठी ठरावीक रक्कम भरायची असते. आमच्या वेळी ती 20 हजार होती, पुढे 40 हजार झाली. त्या पैशाच्या व्याजातून हे बिल भागवायला परवानगी द्या. तेही जमणार नसेल तर आम्ही आया मिळून भरू, पण मग तसं लिहून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले तरी अडणार नाही. जबाबदारीसाठी आमच्या इमारतीतला बचत गट तयार आहे. बारा जणी आहोत. रोज दोघी पाळीने दाराशी बसू, सात ते अकरा, निवडणं-शिवणं तिथेच करू. किल्ली गटाकडे राहील आणि वहीत नोंद होईल. मखर आणि खुर्च्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न मात्र अवघड आहे, त्यावर भांडणं होतील हे मी आत्ताच सांगते. तुमच्या परिपत्रकात "केंद्राचा वापर साठवणुकीसाठी करू नये" एवढं एक वाक्य असलं तर आम्हाला भांडायला आधार होईल.

आणि एक नव्या इमारतींसाठी. नकाशा मंजूर करताना हे केंद्र लिफ्टच्या शाफ्टला आणि पंपाच्या खोलीला चिकटून काढू देऊ नका. दाराला बाहेरून दिसेल अशी जाळीची खिडकी ठेवायला लावा. आत कोण बसलंय ते जाता-येता दिसलं की मुलीच्या आईचा जीव निम्मा खाली पडतो. मीटर वेगळा द्या. इमारत बांधताना हे लक्षात कसं येत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं, पण नकाशा काढणाऱ्याने कधी सतरंजीवर बसून दहावी केली नसेल.

आमच्या इमारतीत यंदा दहावी-बारावीला अकरा मुलं आहेत. मी दारोदार जाऊन मोजली. त्यांतल्या सात मुली. एक बाथरूमचं दार लावून आत स्टुलावर बसते, पाणी यायच्या वेळेआधी तिला उठावं लागतं. एकाची आई त्याला पहाटे चारला उठवते, कारण त्या घरात तेवढीच वेळ शांत. दोघंजण स्टेशनच्या फलाटावर बसून येतात. बाकीच्यांनी "चाललंय" एवढंच सांगितलं.

बोर्डाला आता पाच आठवडे उरलेत. परिपत्रक यंदा निघेल असं मी धरून चाललेली नाही, सरकारी कागदाला किती वेळ लागतो ते घराची वाट पाहताना नऊ वर्षं शिकले आहे. पण आमची पुढची रांगही तयार आहे, माझाच धाकटा सहा वर्षांनी त्या वहीत नाव लिहील. तोवर अध्यक्षांना दाखवायला निदान या पत्राची पोच मिळाली तरी चालेल. शिक्का स्पष्ट उमटेल एवढं बघायला सांगा.

हे पत्र जिन्यात बसूनच लिहितेय. मुलगी दोन पायऱ्या वर आहे, विज्ञान भाग दोन चाललंय. उद्या सकाळी एका नवरीचं ब्लाउज द्यायचंय, त्याला हूक लावायचे राहिलेत. तेवढं काम हातावरचं आहे, त्याचा आवाज होत नाही.

आपली नम्र,
पाचव्या मजल्यावरची एक आई