स्पर्धा घे, पण प्रवेश फीचं गणित बदल

सोलापूर, ता. ३ नोव्हेंबर

चि. मनाली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेला तुझ्या मैत्रिणीच्या अब्बांनी नाही म्हटलं, म्हणून तू फणकारली आहेस. पण तो नकार आजचा नाही. इस्लामी धर्मनियमांचे चार मोठे पंथ, त्यांतल्या मालिकी पंथाचे इमाम मालिक यांचं मत, बुद्धिबळात काही भलं नाही. शाफिई पंथाच्या इमाम शाफिईंनी तो मकरूह, म्हणजे न खेळलेला बरा, एवढ्यावर सोडला; तेही पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, आणि हनफी मत यात जास्त कडक. फाशांच्या नर्द खेळावर तर थेट हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे: तो खेळणाऱ्यानं जणू डुकराच्या रक्तामांसात हात बुडवले. त्यामुळे काही घरांत बुद्धिबळातल्या उंटापेक्षा लुडोचा फासा जास्त खटकतो.

इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली. १९८८ मध्ये तिथले सर्वोच्च नेते खोमेनी यांनी पैजेशिवाय खेळायला मोकळीक दिली. सौदीच्या मुफ्तींनी त्याला हराम म्हटल्याची बातमी २०१६ मधली, आणि २०१७ च्या डिसेंबरात जागतिक जलद स्पर्धा रियाधलाच झाली! मग सोलापुरात दोन घरांत दोन मतं असली तर नवल काय?

आपणही फार शहाणे नाही. 'फासे खेळू नकोस, शेती कर' हे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. मनुस्मृती राजाला द्यूत मोडून काढायला सांगते. तरी दिवाळीचा पाडवा द्यूतप्रतिपदा म्हणून ओळखला जातो, आणि वेरूळला शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसलेत. युरोपात १०६१ च्या सुमारास पीटर डेमियन या ख्रिस्ती धर्मगुरूंनी फ्लॉरेन्सच्या बिशपांना बुद्धिबळ खेळल्याबद्दल फैलावर घेतलं. बिशप म्हणाले, फासे वेगळे, हे वेगळं. ते ऐकलं गेलं नाही. बारा गरिबांचे पाय धुण्याचं प्रायश्चित्त मिळालं. बिशपांचा तोच मुद्दा आपल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात मात्र टिकला. कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतं.

आता तुझ्या पत्रकाकडे वळतो. ३२ खेळाडू, प्रत्येकी १०० रुपये, आणि त्या ३२०० मधून पहिलं बक्षीस १५००. घोळ इथेच आहे. खेळणाऱ्यांनी पैसे टाकायचे आणि जिंकणाऱ्यानं उचलायचे, याला फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, किमार, म्हणजे जुगार, म्हणतात. तू त्याला 'बक्षीस निधी' म्हटलंस म्हणून तो बदलत नाही. फी हॉल, चहा आणि पटांपुरतीच घे. ६० रुपयांत भागेल. पावतीवर तसं लिही, आणि उरलं तर बक्षिसात न घालता परत कर. बक्षिसं न खेळणाऱ्या देणगीदाराकडून आधीच ठरवून, वस्तूंत घे. चाटी गल्लीतून सोलापुरी चादरी घेतल्या की झालं. दाराशी पोरं आपसांत पैजा लावतात तेवढ्या बंद कर, नाहीतर आतली सगळी शिस्त फुकट.

वार रविवारच ठेव. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजीत दुपार जाते. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा नकोच. सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याची गर्दी आणि नंदीध्वजांची मिरवणूक असताना पोरं येणार कशी? प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद धरले तर ६० चालींचा डाव ५० मिनिटांत संपतो, म्हणून फेऱ्या तासातासाने लाव. साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा. मग जोहर, म्हणजे दुपारची नमाज, आणि जेवणाची सुट्टी. पुढे दोन आणि तीन. ३२ जणांना स्विस पद्धतीच्या, म्हणजे कुणी बाद न होता सारख्या गुणांच्यांची जोडी लावण्याच्या, पाच फेऱ्या पुरतात, आणि चारच्या आत मोकळे झालात की असर, म्हणजे उत्तरदुपारची नमाज, तीही कुणाची चुकत नाही. सुट्टी लांबली तर ती बक्षीस समारंभातून काप, भाषणं तशीही कुणी ऐकत नाही.

नवं पत्रक अब्बांना जरूर दाखव, पण 'आता तरी पाठवा' असं म्हणू नकोस. त्यांची अडचण पैशांची असेल तर ते स्वतः बोलतील. खेळाचीच असेल तर पत्रक कितीही बदललं तरी उत्तर तेच राहील. मैत्रिणीला नुसत्या जोड्या लावायला बसव, असंही सुचवू नकोस. ज्यांना खेळ नको, त्यांना त्याचं टेबलही नको असतं.

चादरी किती लागतील ते रविवारपर्यंत कळव. पहिल्या तिघांना डबल आणि बारा वर्षांखालच्यांना सिंगल, असं माझ्या मनात आहे.

तुझे,
बाबा